हुंडणावळीचा खरा भाव कोणता?

व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर या विषयाचे नाव वाचून एका स्नेह्यांनी मला विचारले, "हा सराफकट्ट्यावरचा विषय वसंतात कशाला?" प्रश्न रास्त होता. एका देशाचे नाणे देऊन दुसऱ्या देशाचे घ्यावयाचे तर ते काय भावाने, हे बँकेच्या जाळीमागे बसणाऱ्यांनी पाहावे, आपणां सामान्य नागरिकांचा त्याच्याशी संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. म्हणून आरंभ आपल्याच घरच्या एका हिशेबापासून करतो.

सोव्हिएट संघाशी आपला व्यापार अनेक वर्षे रुपयांत चालत असे. आपण तेथून यंत्रे आणि मुख्यतः लष्करी सामान उधारीवर घ्यावे, आणि परतफेड चहा, औषधे, कापड अशा मालाच्या रूपाने करावी, अशी ती व्यवस्था होती. रुबल म्हणजे किती रुपये, हे १९७८ च्या करारात ठरलेल्या एका सूत्राने काढीत. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएट संघच उरला नाही. पण कर्ज उरले, आणि ते रशियाकडे वारसाहक्काने गेले. १९९२ च्या एप्रिलमध्ये त्या जुन्या सूत्राप्रमाणे एका रुबलाचे ३१ रुपये ५७ पैसे होत होते. त्या हिशेबाने आपले देणे तीस हजार कोटी रुपयांच्या घरात जात होते. पण त्याच वर्षाच्या अखेरीस मॉस्कोच्या बाजारात एका डॉलरला चारशेहून अधिक रुबल मिळत होते, म्हणजे आपल्या चलनात एका रुबलाची किंमत पाच-सात पैसे! एकच रुबल, एकच काळ, आणि भाव एकतीस रुपये की सहा पैसे? आपले अधिकारी अर्थातच बाजाराकडे बोट दाखवीत, रशियाचे अधिकारी कराराकडे. १९९३ च्या जानेवारीत येल्त्सिन दिल्लीस आले तेव्हा तडजोड झाली. १९९० च्या आरंभीचा, म्हणजे सुमारे १९ रुपये ९२ पैशांचा, भाव धरून निघालेली ६३ टक्के रक्कम व्याजासह बारा वर्षांत फेडावयाची. आणि उरलेली ३७ टक्के पंचेचाळीस वर्षांत, बिनव्याजी.

या तडजोडीत रुबलाचा खरा भाव सापडला असे कोणी म्हणणार नाही. दोन सरकारांनी मधला कोठला तरी आकडा धरला, एवढेच. पण तेवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी, की भाव चुकला तर तो कोणाच्या तरी खिशातून भरून निघतो. येथे तो आपल्या तिजोरीतून निघत होता. रशियात, पोलंडमध्ये, पूर्व जर्मनीत तो लोकांच्या पगारातून, निवृत्तिवेतनातून आणि नोकरीतून निघाला.

आता 'खरा भाव' म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. सरकार ठरविते तो सरकारी भाव, बाजारात मिळतो तो बाजारभाव. पण या दोहोंना 'चूक' म्हणण्यासाठी तिसरा एखादा भाव मनाशी धरावा लागतो. अर्थशास्त्रज्ञ त्याला समतोलाचा भाव म्हणतात. त्याची सर्वांत स्वच्छ व्याख्या राग्नार नुर्क्सेने १९४५ साली केली. आपल्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव परिचित आहे, कारण दारिद्र्याच्या दुष्टचक्राची कल्पना त्याच्याच ग्रंथामुळे येथे रुजली. नुर्क्सेचे म्हणणे असे, की काही वर्षांचा काळ एकत्र धरला असता ज्या भावाने देशाची परदेशांशी होणारी देणीघेणी जुळतात तो समतोलाचा भाव. मात्र दोन अटी आहेत. ती जुळणी देशात बेकारी लादून साधलेली नसावी, आणि आयातीवर जादा निर्बंध घालूनही साधलेली नसावी. अटी महत्त्वाच्या आहेत. लोकांना उपाशी ठेवून कोणत्याही भावाला आयात-निर्यातीचा मेळ बसविता येतो. तो समतोल नव्हे. हा नुर्क्से मूळचा एस्टोनियाचा, १९०७ साली तेथे जन्मलेला. त्याच्या मायभूमीने पुढे या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते आपण थोड्या वेळाने पाहणार आहोत. ते पाहावयास तो मात्र नव्हता, १९५९ सालीच वारला.

व्याख्या झाली, पण मोजावयाचे कसे? सर्वांत जुनी रीत स्वीडनच्या गुस्ताव कासेलची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. एकाच वस्तूंची टोपली दोन्ही देशांत घ्यावी. येथे तिला हजार रुपये आणि तेथे वीस डॉलर पडत असतील, तर डॉलरचा भाव पन्नास रुपये. ऐकावयास हे इतके सरळ आहे, की कोणालाही पटावे. पण परदेशी राहून आलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल, की गरीब देशात सगळेच स्वस्त असते, आणि श्रीमंत देशात केस कापावयाचे म्हटले तरी आपला येथला आठवड्याचा बाजार होईल इतके पैसे पडतात.

हे का होते, याचे उत्तर १९६४ साली दोघांनी स्वतंत्रपणे दिले. एक अमेरिकेचे सॅम्युएल्सन, आणि दुसरा बेला बालाशा, जो बुडापेस्टमध्ये जन्मला आणि १९५६ च्या उठावानंतर देश सोडून गेला. नाव्ह्याचे उदाहरण घेऊ. पुण्याचा नाव्ही आणि झुरिकचा नाव्ही एका तासात सारखीच डोकी करतात. कसबात फरक नाही. फरक आहे तो कारखान्यात. झुरिकच्या कारखान्यातला कामगार आपल्या कामगाराच्या अनेकपट माल काढतो, म्हणून त्याला अनेकपट पगार मिळतो. आता झुरिकच्या नाव्ह्याला तितकाच पगार मिळाला नाही तर तो कात्री टाकून कारखान्यात जाईल. तेव्हा केस कापण्याचा दर कारखान्यातील पगाराच्या मागोमाग चढतो. जो माल जहाजात घालून पाठविता येतो त्याची किंमत सगळीकडे जवळजवळ सारखी राहते. जे पाठविता येत नाही, म्हणजे घरभाडे, हजामत, शिकवणी, बसचे भाडे, ते श्रीमंत देशात महाग आणि गरीब देशात स्वस्त असते. म्हणून कासेलच्या टोपलीने काढलेला भाव गरीब देशाच्या चलनाला नेहमी फार वरचा दिसतो. तो चुकीचा नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.

याच्या पोटात आणखी एक गोष्ट दडली आहे, आणि पुढचा सारा विषय तिच्यावर उभा आहे. एखादा गरीब देश वेगाने सुधारू लागला, त्याच्या कारखान्यांची उत्पादकता वाढू लागली, तर त्याच्याकडील हजामत आणि घरभाडे महागणारच. म्हणजे त्याचे चलन, किमतींच्या मानाने पाहता, महाग होत जाणार. आणि हे महाग होणे रोग नव्हे, वाढीचे लक्षण आहे. समतोलाचा भाव स्वतःच जागचा हलत असतो.

दुसरी रीत व्यापाराच्या वहीवरून चालते. जॉन विल्यमसन यांनी १९८० नंतरच्या दशकात तिला रूप दिले. देशात रोजगार पुरेसा असताना आयात किती होईल, निर्यात किती होईल, आणि परदेशातून टिकाऊ स्वरूपाचे भांडवल किती येईल, याचा अंदाज करावयाचा, आणि त्या तिहींचा मेळ बसेल असा भाव शोधावयाचा. नुर्क्सेच्याच व्याख्येला आकड्यांचे कपडे चढविले, असे म्हणा. यासाठी मागील वीसपंचवीस वर्षांचे विश्वासू आकडे हवेत, म्हणजे भाव इतका चढला तेव्हा निर्यात इतकी घटली, असा संबंध काढता येतो.

नेमके हेच १९९० साली पूर्व युरोपात नव्हते. तेथील किमती चाळीस वर्षे सरकारी खात्यांत ठरत आल्या होत्या. भाकरी, कोळसा, भाडे नाममात्र दरात. आणि घ्यावयास जावे तर दुकानात माल नाही. लोकांच्या हाती पगाराच्या नोटा साचलेल्या, पण त्यांतून घेण्यासारखे काही नाही. अशा देशात वस्तूंची टोपली भरून किंमत काढणार कशी? टोपलीत घालावयाची वस्तूच रांगेत उभे राहिल्यावर मिळते. पूर्व जर्मनीत ट्राबांट मोटारीसाठी दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागे. तिची किंमत छापील किंमत धरावयाची, की दहा वर्षांची प्रतीक्षा धरून? निर्यातीचे आकडे होते, पण ते एकमेकांतल्या ठरीव व्यापाराचे. हंगेरीने रशियाला बसगाड्या द्याव्यात, रशियाने तेल द्यावे, आणि हिशेब अशा एका रुबलात ठेवावा की जो कोणाच्या खिशात कधी आलाच नाही. ही सारी व्यवस्था १९९१ साली कोसळली. ज्या मालाला मॉस्कोत हमखास गिऱ्हाईक होते तो माल हॅम्बुर्गला कोणी घेईल का, हे कोणालाच माहीत नव्हते. मागचे आकडे मोडीत निघाले होते आणि पुढचे अजून जन्मास आले नव्हते.

मग काळ्या बाजाराचा भाव धरावा, तर त्यालाही एक मोठा दोष होता. ज्या देशात आपल्या चलनावर कोणाचा विश्वास उरलेला नाही, तेथे डॉलर हा माल घेण्यासाठी घेतला जात नाही. तो गादीखाली ठेवण्यासाठी घेतला जातो. आगीच्या वेळी पाण्याच्या बादलीला जी किंमत येते ती पाण्याची किंमत नव्हे.

अशा अंधारात पोलंडला १ जानेवारी १९९० रोजी एक आकडा जाहीर करावा लागला. अर्थमंत्री बाल्सेरोविच यांनी त्या दिवशी बहुतेक किमती मोकळ्या केल्या, आणि झ्लॉटीचा भाव डॉलरला ९,५०० असा बांधून टाकला. आदल्या दिवशीचा सरकारी भाव सुमारे ६,५०० होता. या आकड्यामागे सूक्ष्म गणित नव्हते. 'चूक व्हावयाचीच असेल तर स्वस्ताच्या बाजूने होवो' असे धोरण त्यामागे होते, आणि ते मला तरी शहाणपणाचे वाटते. चलन महाग ठेवून चूक झाली तर गंगाजळी आटते आणि महिन्या-दोन महिन्यांत सरकारला शब्द मोडावा लागतो. स्वस्त ठेवून चूक झाली तर निर्यात वाढते, आयात घटते आणि तिजोरीत डॉलर येतात. पाठीशी असावा म्हणून पाश्चात्त्य देशांनी शंभर कोटी डॉलरचा एक निधी उभारून दिला होता. त्यातला एक डॉलरही वापरावा लागला नाही. हा भाव फार तर तीन महिने टिकेल अशी धारणा होती. तो टिकला मे १९९१ पर्यंत, म्हणजे सोळा महिने.

पण स्वस्त चलनाचे बिल कोणी भरले, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या एका महिन्यात किमती ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाढल्या. पूर्वी रांगेत उभे राहून मिळणारे मांस आता बिनरांगेने मिळू लागले, पण पाकिटाने ते परवडेना. चलन बुडाशी बांधले म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू, आणि बाहेर विकली जाऊ शकणारी घरची प्रत्येक वस्तू, पगाराच्या मानाने महाग होते. ज्यांनी घरी झ्लॉटीत शिल्लक जपून ठेवली होती त्यांची शिल्लक वितळली. ज्यांच्या गादीखाली डॉलर होते ते तरले.

पुढे जे झाले ते अधिक मनोरंजक आहे. डॉलरचा भाव वर्षभर ९,५०० च्या ठायी स्थिर, आणि देशातील किमती मात्र १९९० च्या डिसेंबरात आदल्या डिसेंबरच्या सुमारे साडेतीनपट! याचा अर्थ, बाहेरून न हलता झ्लॉटी आतून साडेतीनपट महाग झाला. पगाराच्या आकड्यावरून हे चटकन दिसते. १९९० सालचा पोलंडमधील सरासरी मासिक पगार १०,२९,६३७ झ्लॉटी. ९,५०० ने भागले की १०८ डॉलर. १९९५ साली चार शून्ये काढून टाकून नवा झ्लॉटी आला. त्या वर्षीचा सरासरी पगार ७०२ नवे झ्लॉटी, म्हणजे सुमारे २९० डॉलर. १९९२ साली तेथे प्राप्तिकर सुरू झाल्याने नंतरचे आकडे कर धरून आहेत, तेव्हा ही तुलना काटेकोर नाही. पण दिशा स्पष्ट आहे. पाच वर्षांत डॉलरमधील पगार अडीचपटीच्या वर गेला. कामगार पाच वर्षांत अडीचपट काम करू लागला काय? मुळीच नाही.

येथे वॉर्साच्या मध्यवर्ती बँकेत बसलेल्या मनुष्याची अडचण ध्यानात घ्या. निर्यातदार दारात येऊन सांगतो, "आमचा खर्च डॉलरमध्ये दुप्पट झाला, बाजार हातचे चालले, चलनाचे अवमूल्यन करा." त्याचे ऐकावे काय? झ्लॉटी आधी अवाजवी स्वस्त होता आणि आता फक्त आपल्या जागी येत आहे, असे असेल, तर अवमूल्यन करणे म्हणजे बरी होत असलेली जखम पुन्हा उकरणे. त्याने महागाई तेवढी वाढेल. उलट झ्लॉटी आपली जागा ओलांडून वर गेला असेल, तर स्वस्थ बसणे म्हणजे कारखाने बंद पडू देणे. बाहेरून दोन्ही अवस्था अगदी सारख्या दिसतात. ताप दोन्हींत आहे. एक ताप विषाराचा, एक जखम भरताना येणारा. समतोलाच्या भावाचा अंदाज हवा तो यासाठी. विद्वानांच्या हौसेसाठी नव्हे.

हा अंदाज करण्याची एक युक्ती बुडापेस्टचे लास्लो हाल्पेर्न आणि जिनिव्हाचे शार्ल व्हिप्लोझ यांनी १९९७ साली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियतकालिकात मांडली. त्यांनी वस्तूंची टोपली बाजूस ठेवली आणि पगाराकडे पाहिले. मोडलेल्या देशाचे मागचे आकडे मिळत नाहीत ना, मग दुसऱ्यांचे घ्यावेत. जगातील पुष्कळ देश घेऊन त्यांत डॉलरमधील पगार कशाकशावर अवलंबून असतो हे त्यांनी शोधले. दर कामगारामागे उत्पादन किती, शिक्षणाचा प्रसार किती, शेतीचा वाटा किती, सरकारचा पसारा किती, अशा गोष्टींवरून एक सर्वसाधारण नियम निघतो. मग पोलंडचे वा हंगेरीचे हे गुण त्या नियमात घालावयाचे, आणि विचारावयाचे, की अशा देशात डॉलरमधील पगार सामान्यतः किती असतो? समजा उत्तर आले तीनशे, आणि प्रत्यक्ष पगार आहे शंभर. मग त्या देशाचे चलन समतोलाच्या खाली पडलेले आहे. अजून बरेच वर चढावयास वाव आहे. एखादा मुलगा वयाच्या मानाने अशक्त आहे की काय, हे त्याच्या जुन्या वजनाची नोंद नसली तर आपण त्याच्या वयाच्या व उंचीच्या इतर मुलांकडे पाहून ठरवितो, तशीच ही रीत.

निष्पन्न काय झाले? जवळजवळ सगळ्या देशांची चाल एकसारखी दिसली. प्रथम चलन कोसळते, आणि समतोलाच्या पुष्कळ खाली जाते. कारण घबराट असते, आणि सरकारही मुद्दाम खालचा भाव धरते. मग ते चढू लागते. या चढण्याचे दोन भाग. एक, खड्ड्यातून जमिनीवर येणे. दुसरा, जमीनच वर उचलली जाणे, कारण कारखाने सुधारतात, माल पश्चिमेत खपण्याजोगा होतो, बाहेरचे भांडवल येते, आणि सरकारने दाबून ठेवलेले विजेचे, भाड्याचे, ट्रामचे दर हळूहळू मोकळे होतात. पहिला भाग काही वर्षांत संपतो. दुसरा दशकानुदशके चालतो.

या युक्तीवर आक्षेप नाहीत असे नाही. दर कामगारामागचे उत्पादन मोजावयाचे, तर मोजणाऱ्या खात्याचे आकडेच संशयास्पद; पुष्कळ उद्योग वहीबाहेर चाललेले. शिक्षणाचे आकडे उत्तम, पण सोव्हिएट कारखान्यात ट्रॅक्टरची आराखडी काढण्यात तरबेज झालेल्या इंजिनियराचे शिक्षण नव्या बाजारात कितपत कामाचे? म्हणून या रीतीने निघणारा आकडा रेघेसारखा बारीक नसतो, चांगला हातभर रुंद पट्टा असतो. तीनशे म्हणजे दोनशे ते चारशे. पण प्रत्यक्ष पगार जेव्हा शंभर असतो तेव्हा एवढेही पुरते.

याच्या अगदी उलट प्रयोग पूर्व जर्मनीत झाला. १ जुलै १९९० रोजी तेथे पश्चिमेचा मार्क चालू झाला. भाव काय धरावयाचा? पूर्व जर्मनीचे नियोजनखातेच आतल्या हिशेबात, निर्यातीतून एक पश्चिमी मार्क मिळविण्यास आपले ४.४ मार्क खर्ची पडतात, असे धरीत असे. पश्चिम जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने पगारांसह सर्वसाधारणपणे दोनास एक असा भाव सुचविला. लोक रस्त्यावर आले. सरकारने पगार एकास एक ठरविले. शिलकीपैकीही माणशी ४,००० मार्क, लहान मुलांना २,००० आणि वृद्धांना ६,००० मार्क, एकास एक. वरचे दोनास एक.

लोकांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या जागी आपण असतो तर? ४.४ च्या भावाने ज्याला महिना तीनएकशे मार्क पडले असते, आणि शंभर मैलांवर त्याच भाषेत, त्याच कामाला कित्येकपट मिळत असते, तो घरी का राहील? भिंत पडलेली होती. रोज माणसे पश्चिमेकडे जातच होती. तेव्हा एकास एक हा भाव मालाच्या समतोलाचा नव्हता, पण माणसांना जागेवर ठेवण्याचा होता. माल परवडला नाही. ज्या कारखान्याची उत्पादकता पश्चिमेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, त्याला एका रात्रीत पगार पक्क्या मार्कांत द्यावयाचा, आणि माल विकावयाचा तो फोक्सवागनच्या शेजारी. वर्ष संपेपर्यंत औद्योगिक उत्पादन निम्म्यावर आले. शेवटची ट्राबांट ३० एप्रिल १९९१ रोजी बाहेर पडली. मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये या साऱ्याला उघडपणे अनर्थ म्हटले, आणि त्याच वर्षी पद सोडले. मात्र सगळे खापर पहिल्या दिवसाच्या भावावर फोडणेही बरोबर नाही. नंतरच्या करारांत पगार पश्चिमेच्या बरोबरीस नेण्याचे ठरले; दोनास एक भाव धरला असता तरी पगारवाढीने तो फरक लौकरच खाऊन टाकला असता, असे म्हणणारे अर्थशास्त्रज्ञ आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला बरेचसे पटते. फरक असा, की पोलंडला चूक सुधारण्यास हुंडणावळ हाती होती. पूर्व जर्मनीने ती दिल्यावर उरली ती फक्त बेकारी, आणि पश्चिमेकडून येणारे अनुदान.

आता नुर्क्सेच्या एस्टोनियाकडे वळू. २० जून १९९२ रोजी, सोव्हिएट संघातून फुटलेल्या देशांपैकी सर्वांत आधी, या चिमुकल्या राष्ट्राने रुबल टाकून आपला क्रून आणला. प्रत्येक रहिवाशाला १,५०० रुबल बदलून मिळाले, दहा रुबलांस एक क्रून. म्हणजे माणशी १५० क्रून. आणि आठ क्रून म्हणजे एक जर्मन मार्क, हे कायद्याने बांधले. म्हणजे त्या पहिल्या दिवशी एका नागरिकाच्या हाती पुरते एकोणीस मार्कही नव्हते. या आठामागे शोधलेला समतोल नव्हता. त्या दिवसांत मार्काला साधारण ऐंशी रुबल पडत, त्यातले एक शून्य काढले, झाले. बाजारातल्या घबराटीचाच तो भाव, म्हणून अतिशय स्वस्त. मात्र नोटांच्या पाठीशी सोने आणि परकीय चलन असल्यावाचून एकही नोट काढावयाची नाही, असा कडक नियम होता. आणि महायुद्धापूर्वी परदेशी ठेवलेले सोने इंग्लंडसारख्या देशांनी परत केले होते, ते पायाला घातले.

परिणाम अपेक्षेप्रमाणेच. भाव हलावयाचा नाही, तर समतोलाकडे जाण्याचा मार्ग एकच, आतील किमती. १९९३ साली तेथे सरासरी महागाई नव्वद टक्क्यांच्या आसपास, १९९४ साली अठ्ठेचाळीस. जर्मन मार्काला खिळलेल्या चलनात नव्वद टक्के महागाई! जुन्या पुस्तकांप्रमाणे असे चलन वर्षभरात कोसळावयास हवे होते. ते कोसळले नाही, कारण आरंभीचा भाव इतका खाली होता, की एवढ्या महागाईलाही जागा होती. आठाचा आकडा साडेअठरा वर्षे टिकला. १ जानेवारी २०११ रोजी एस्टोनियाने युरो घेतला तो १५.६४६६ क्रूनच्या भावाने, आणि हा विचित्र दिसणारा आकडा म्हणजे तेच जुने आठ, फक्त युरोच्या मार्कांतील किमतीने गुणलेले.

असे असेल, तर 'स्वस्तात बांधा आणि स्वस्थ बसा' हाच मंत्र का घेऊ नये? कारण खड्डा कोठे संपतो, ही खूण जमिनीवर कोणी मारून ठेवलेली नसते. चेकोस्लोव्हाकियाने १९९१ च्या आरंभी डॉलरला २८ कोरुना असा स्वस्त भाव धरला. देश दुभंगला तरी चेक कोरुनाची बांधणी टिकली. पण दरवर्षी महागाई जर्मनीपेक्षा अधिक, बाहेरचे भांडवल भराभर येणारे, आणि १९९६ पर्यंत चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सात टक्क्यांच्या आसपास गेलेली. "हा समतोलाकडचाच प्रवास आहे" असे म्हणणारे तेव्हाही होते. मे १९९७ मध्ये सट्टेवाल्यांनी धडक दिली आणि बांधणी सोडून द्यावी लागली.

रशियाचे तर याहून वाईट झाले. १९९२ साली रुबल इतका खाली होता की सरासरी पगार मोजक्या डॉलरांवर आला होता. मग तो चढला. १९९५ पासून सरकारने त्याला एका पट्ट्यात धरून ठेवले. पगाराच्या हिशेबाने पाहता १९९७ चा रुबल फार महाग नव्हता. पण पगाराचा हिशेब सरकारी तिजोरीत डोकावत नाही. तेलाचे भाव पडले, सरकार अल्पमुदतीच्या कर्जावर जगत होते, आणि १७ ऑगस्ट १९९८ रोजी सारे कोसळले. डॉलरला सहा रुबल आणि काही कोपेक असलेला भाव वर्षअखेरीस वीसच्या वर गेला. समतोलाचा भाव काढताना भांडवल किती दिवस येत राहील हे धरावे लागते, असे मी वर म्हटले. रशियाच्या बाबतीत चुकला तो हाच आकडा, आणि तो कोणत्याही कोष्टकात मिळत नाही.

हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी मिटला असे मात्र समजू नये. क्युबामध्ये सरकारी संस्थांच्या हिशेबात एक पेसो म्हणजे एक डॉलर, असा भाव वर्षानुवर्षे चालत होता, आणि सामान्य माणसाला मात्र डॉलरला २४ पेसो मोजावे लागत. १ जानेवारी २०२१ रोजी दोन्ही एक करून सर्वांना २४ हा भाव लावला, आणि पगार व निवृत्तिवेतने त्या मानाने वाढविली. पोलंडने केले ते येथे झाले नाही. भाव खाली धरला नाही, किमती पुऱ्या मोकळ्या केल्या नाहीत, आणि पाठीशी गंगाजळीही नव्हती, कारण महामारीने प्रवासी येणे थांबले होते. वर्ष संपेपर्यंत हवानाच्या रस्त्यावर डॉलरला सत्तरच्या आसपास पेसो पडू लागले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरकारने १२० चा नवा भाव काढून डॉलर विकत घ्यावयास आरंभ केला. रस्त्यावरचा भाव थोड्याच काळात त्याच्याही पुढे गेला.